गोठलेल्या धबधब्याचं वेळापत्रक

ज्या शाळेत बेचाळीस शिक्षक, अठ्ठावीस वर्ग आणि पृथ्वीचा गोल मात्र एकच असतो, तिथे वेळापत्रक करणाऱ्या माणसाचा दरारा मुख्याध्यापकांपेक्षा जास्त असतो. या शाळेत तो दरारा सव्वीस वर्षं बाईंकडे होता. पोरं त्यांना मागून तासबाई म्हणायची आणि समोर आल्या की नुसतीच उभी राहायची. सव्वीस वर्षांत दोन शिक्षक एका वर्गात एकाच वेळी शिरले, किंवा एक वर्ग शिक्षकाविना बोंबलत बसला, असं एकदाही झालं नव्हतं. कुणी "बाई, यंदा क्लॅश होतोय बहुतेक" असं म्हटलं, की बाई त्या माणसाकडे असं बघत की तो स्वतःच आपला तास बदलून घेई.

या वेळापत्रकात एक नियम कुणालाच ठाऊक नव्हता. बाईंचे यजमान त्याच शाळेत खेळाचे सर. दोघं नोकरीला लागली त्या वर्षी तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून बघत सांगितलं होतं, "तुम्ही नवरा-बायको. दोघांचा ऑफ तास एकदम ठेवू नका. शाळेत संसार नको." ते मुख्याध्यापक चार वर्षांत बदलून गेले. त्यांच्यानंतर पाच आले आणि गेले. नियम मात्र तसाच राहिला, कारण तो काढायला हवा हे सांगणार कोण? बाईंना तर तो श्वासासारखा झाला होता. सरांचा तास सुटला की बाईंचा सुरू.

तर अशा या बाईंवर सहलीचं नियोजन सोपवायचं नाही तर कुणावर सोपवायचं?

सहलीचं खूळ सरांच्या डोक्यात एका माहितीपत्रकातून शिरलं. लांबच्या डोंगरात हिवाळ्यात एक धबधबा पार गोठतो, आणि हौशी लोक पायाला काटे बांधून, हातात छोट्या कुऱ्हाडी घेऊन त्या बर्फावर चढतात. सरांनी ते पत्रक पंधरा दिवस खिशात वागवलं. मग एका सकाळी बूट घालता घालता म्हणाले, "अगं, हे बघ. मला एकदा हे करायचंय."

"या गुडघ्यानं?" बाई म्हणाल्या.

"या गुडघ्यानंच. पुढच्या महिन्यात तो कापतायत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, ऑपरेशननंतर चालणं, फिरणं सगळं होईल, पण चढणंबिढणं विसरा. आत्ता पट्टा बांधून एकदा चढलात तर हरकत नाही, म्हणाले."

म्हणजे हा हिवाळा, नाहीतर कधीच नाही. बाईंना नवऱ्याची दया आली आणि त्याहून जास्त हुरूप आला. बेचाळीस शिक्षकांचं करणाऱ्या बाईला चार माणसांचं काय?

चार माणसं म्हणजे बाई, सर, सरांची धाकटी बहीण आणि शाळेचे शिपाईमामा. नणंदेचं औषधांचं दुकान होतं आणि दादा एकटा काहीतरी भारी करणार हे तिला लहानपणापासून सहन होत नसे. मामांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी स्टाफरूममध्ये ऐकलं आणि "माझी थंडीची टोपी आहे" एवढंच बोलले. त्यावर नाही कसं म्हणायचं, ते कुणालाच सुचलं नाही.

बाईंनी पद्धतीप्रमाणे सगळ्यांकडून अडचणी लेखी मागवल्या. नणंदेनं दीड पान भरलं. गाडीत उलट्या दिशेला तोंड करून बसणार नाही, मळमळतं. मंगळवारी औषधांचा माल येतो, त्याआधी निघणार नाही. आंघोळीला दुसऱ्या कुणी वापरलेलं गार होत आलेलं पाणी चालणार नाही. मामांनी लिहिलं होतं की ते फक्त बसने येतील, कारण आगगाडीची शिट्टी ऐकली की त्यांना उठून फाटक उघडावंसं वाटतं. सरांनी लिहिलं, "कसंही चालेल. सगळे मिळून." बाईंनी "कसंही चालेल" वर बरोबरची खूण केली. "सगळे मिळून" यात वेळ, वार, ठिकाण काहीच नव्हतं, म्हणून ते "इतर" या रकान्यात टाकलं.

मग आठ दिवस जेवणाचं टेबल बंद झालं. चौघांना चार रंगांच्या पेन्सिली वाटून झाल्या. सर हिरवे, नणंद लाल, मामा निळे. बाई नेहमीप्रमाणे साध्या शिसपेन्सिलीत, कारण स्वतःला त्या कायम शेवटी बसवत, जिथे काही उरेल तिथे. मधूनच त्या "जमलं!" असं ओरडत आणि दोन मिनिटांनी "मेलं, नाही जमलं" म्हणून खोडरबर शोधत. सर बिचारे ताट मांडीवर घेऊन जेवत होते आणि कुठे काही सांडलं तर शिव्या खात होते.

अडचण साधी होती. धबधब्याजवळच्या मुक्कामाच्या घरात गरम पाण्याची टाकी एकच, आणि पायाला बांधायच्या काट्यांचा संचही एकच. आता हे बाईंना नवीन नव्हतं. पृथ्वीचा गोल एकच असतो तेव्हा काय करतात? प्रत्येकाला आपापल्या वेळेला देतात.

रविवारी सकाळी कागद तयार झाला. टेबलावर उलगडला तेव्हा दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होता. बाईंनी चहा केला, सगळ्यांना बोलावलं, प्रत्येकाच्या हातात त्याची त्याची चिठ्ठी ठेवली आणि बाजूला हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"वहिनी, तू कमाल केलीस," नणंद म्हणाली. "सुलट्या दिशेची खिडकी! आणि गरम पाणी पहिलं माझं!"

"मलाही पहिलंच दिसतंय," मामा म्हणाले.

"सगळ्यांनाच पहिलं आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

थोडा वेळ सगळे आपापली चिठ्ठी वाचत चहा पीत होते. मग नणंदेचा कप खाली आला.

"वहिनी, पण माझ्या गाडीत माझ्याशी बोलायला कोण आहे?"

"कुणी नाही. निवांत झोप."

"आणि मी पोचेन तेव्हा?"

"तेव्हा दादा निघालेले असतील. खोली रिकामी, टाकी रिकामी, काटे रिकामे. बघ, मंगळवारी संध्याकाळी सहा. दादा पावणेसहाला बाहेर."

मामांनी आपली निळी रेघ बोटानं शोधली. ती गुरुवारी पोचून शुक्रवारी संपत होती. "म्हणजे मी एकटाच?" ते म्हणाले. "बाई, मला डोंगराची भीती वाटते हो. मी तर तुम्ही सगळे असाल म्हणून येत होतो."

बाईंना कळेना, बिनसलं कुठे. "अहो मामा, एकही क्लॅश नाही! चार माणसं, सहा दिवस, एक टाकी, एक काट्यांचा संच, आणि कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. करून दाखवावं दुसऱ्या कुणी!"

सर कागदावर वाकले होते. ते हिरव्या रेघेवरून बोट फिरवत होते. बोट सोमवारच्या एका बारीक चौकटीवर थांबलं. बाई रविवारी पुढे जाऊन किल्ल्या घेणार, खोल्या झाडून घेणार आणि सोमवारी सकाळच्या गाडीने परत फिरणार होत्या. सर त्याच सकाळी उलट दिशेने येणार होते. मधल्या एका स्टेशनात दोन्ही गाड्या थांबत. तिथे बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "१०.४६ ते १०.५०. समोरच्या फलाटावरून हात हलवणे."

"चार मिनिटं," सर म्हणाले.

"तेवढीच होती," बाई म्हणाल्या. "तीसुद्धा ओढून आणलीयेत."

इतक्यात टेबलावरचा फोन वाजला. डोंगरातला वाटाड्या. बाईंनी त्याला कागदाचा फोटो सकाळीच पाठवला होता. वाटाड्या वाऱ्यात उभा असावा, कारण तो बोलत नव्हता, ओरडत होता. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"बाई, कागद बघितला! असा कागद मी जन्मात बघितला नाही!"

बाईंनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "धन्यवाद."

"एकच विचारतो! दोर कोण धरणार?"

"कसला दोर?"

"अहो, वर एक माणूस चढतो, खाली एक माणूस त्याचा दोर धरून उभा राहतो! वरचा घसरला तर खालच्यानं आवळायचा! तुमच्यात तर खाली कुणीच नाही! जो तो एकटा!"

"तुम्ही आहात ना," बाई म्हणाल्या. "तुमच्या नावावर आहेत ते तास."

"मी बर्फ बघणार, बाई! कुठे भेगाळतंय, कुठे सुटतंय, ते बघायला माझे दोन डोळे पुरत नाहीत! जोडी असल्याशिवाय मी कुणाला धबधब्याला हात लावू देत नाही! शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा, जोडी कोण आणि कधी पोचताय! नाहीतर तो आठवडा मी दुसऱ्यांना देतो, आणि त्यानंतर काही बर्फ राहत नाही!"

फोन बंद झाला. खोलीत नुसता चहा गार होत होता.

"हिनं धरावा," बाई नणंदेकडे बघून म्हणाल्या.

"मी? दादाचा दोर?" नणंद म्हणाली. "यानं माझी सायकल विकून क्रिकेटची बॅट घेतली होती. हा वर गेल्यावर मला ती आठवली तर?"

मामा म्हणाले की त्यांचा खांदा गेलेला आहे, आणि तो गेलेला नसता तरी सरांचं वजन चौऱ्याऐंशी किलो आहे हे त्यांना माहीत आहे, कारण शाळेतला वजनकाटा तेच पुसतात.

सगळे बाईंकडे बघू लागले. सर बघत नव्हते, ते कागदाकडेच बघत होते.

"मला नाही जमायचं," बाई घाईनं म्हणाल्या. "मी बघते कुणीतरी. भूगोलाचे सर त्या आठवड्यात मोकळे आहेत."

"राहू दे," सर म्हणाले. त्यांनी आपली चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि गुडघा सांभाळत गच्चीवर निघून गेले. आठ दिवस ताट मांडीवर घेऊन जेवणारा माणूस. एकदाही कुरकुरला नव्हता.

सोमवारपासून बाईंनी बदली शिक्षक शोधावा तसा बदली दोर धरणारा शोधला. भूगोलाच्या सरांनी बर्फाविषयी पुष्कळ माहिती दिली आणि यायला नकार दिला. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "अगं, नवरा तुझा, आणि दोर मी धरू?" ग्रंथपालांनी तर "परत करायची तारीख काय?" असं विचारलं आणि स्वतःच बराच वेळ हसत बसले. शुक्रवारी बाईंच्या वहीत अकरा नावांवर फुल्या होत्या.

खरं सांगायचं तर बाई घाबरल्या होत्या. वेळापत्रकात चूक झाली तर एक वर्ग अर्धा तास गोंधळ घालतो, बाकी काही होत नाही. इथे हात सुटला तर नवरा खाली येणार. आणि दुसरीही भीती होती, जी त्यांना स्वतःलाही नीट उमगत नव्हती. नवऱ्याकडे सलग चाळीस मिनिटं बघत उभं राहायचं, मध्ये काहीच काम नाही, हे त्यांनी शेवटचं कधी केलं होतं? त्यांना आठवेना.

शनिवारी सकाळी बूट घालणाऱ्या सरांना त्या म्हणाल्या, "मी धरते. पण आधी सराव. दुपारी शाळा सुटल्यावर, व्यायामशाळेत."

सरांनी एक बूट उलट्या पायात घातला.

सरावाचं वेळापत्रकही अर्थातच निघालं. एक ते एक वीस, मामा आणि नणंद मदतीला. एक वीस ते दोन, फक्त दोघं. दोन वाजता तिकिटांच्या कचेरीला फोन, कारण शनिवारी ती अडीचला बंद होते.

व्यायामशाळेच्या तुळईला कप्पी होती. सरांनी कमरेला पट्टा बांधला, त्याचा दोर कप्पीवरून खाली बाईंच्या पट्ट्यावरच्या कडीत ओवला. दोर खाली ओढला की कडी आवळते, सैल सोडला की दोर सरकतो, एवढंच त्यातलं शास्त्र. पण सर चौऱ्याऐंशी आणि बाई एक्कावन्न. पहिल्या खेपेला सर लटकले तशा बाई चप्पल खाली ठेवून वर निघाल्या. नणंदेनं त्यांचे पाय धरले. म्हणून मामांनी बाईंना मागे भिंतीवरच्या लाकडी शिडीला बांधलं. मामा शाळेच्या फाटकाला गेली तीस वर्षं जशी गाठ मारतात तशीच मारली, म्हणजे वाऱ्यावादळानं तर नाहीच, पण उद्या फाटक पडलं तरी सुटणार नाही अशी.

दुसऱ्या खेपेला सर दोराला धरून दहा फूट वर गेले, पाय सोडले आणि लटकले. बाईंनी दोर दोन्ही हातांनी खाली ओढून धरला. सर वरच राहिले.

"जमलं, वहिनी!" नणंद ओरडली. मग तिनं घड्याळ बघितलं. "एक वीस. माझा तास संपला. दुकान उघडायचंय."

"माझाही," मामा म्हणाले. आणि दोघं निघून गेली. बाईंच्या वेळापत्रकाबाहेर एक मिनिट थांबायची या शाळेत कुणाची छाती नव्हती.

"शाब्बास," वरून सर म्हणाले. "आता हळूहळू सैल सोड."

बाई दोराकडे बघत होत्या. बोटं पांढरी पडली होती.

"अगं, सोड ना."

"नाही सोडणार."

"पडत नाही मी. कडी आहे. जरासा सैल कर."

"अहो, मी सोडला आणि तुम्ही पडलात तर?"

"आणि नाहीच सोडलास तर मी काय इथेच निवृत्त होऊ?"

सर संथपणे गोल फिरू लागले. एकदा त्यांचा चेहरा यायचा, एकदा पाठ. बाईंना हसू यायला लागलं, पण हसलं तर हात हलेल म्हणून त्यांनी ओठ दाबले. पाच मिनिटं गेली. कुणी येणार नव्हतं, कुठे जायचं नव्हतं, आणि जाता येणारही नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "खरं सांगा. थंडीत तुम्ही मोज्यांवर मोजे घालता. तुम्हाला बर्फावर का चढायचंय?"

पाठ गेली, चेहरा आला. "आधी खाली घे, मग सांगतो."

"आधी सांगा, मग घेते."

सरांनी अर्धा फेरा घेतला. मग भिंतीकडे तोंड असताना बोलू लागले. "बर्फाचं मला काय पडलंय! त्या पत्रकात एक चित्र होतं. वर एक माणूस, खाली एक माणूस, मध्ये दोर. आणि लिहिलं होतं, खालच्यानं वरच्यावरची नजर काढायची नाही. म्हटलं, हे बरंय. इथून ती उठून जाऊ शकणार नाही."

"कोण ती?"

"कोण म्हणजे? तूच." चेहरा परत आला. तो लाल झाला होता, पट्टा आवळल्यामुळे नक्कीच नाही. "सव्वीस वर्षं मी मैदानावरून येतो, तेव्हा तू वर्गावर गेलेली असतेस. टेबलावर तुझा कप असतो. हात लावला तर कोमट असतो. मी रोज त्या कपासमोर बसून माझा चहा पितो. संध्याकाळी मी मुलांचा सराव घेतो, तू वह्या तपासतेस. रविवारी सामने. मला वाटलं, गुडघा जायच्या आत एकदा तरी."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातूनही आलं, आणि पुसायला हात नव्हता. त्यांना राग आला, भयंकर राग, पण कुणाचा ते कळेना. "मग हे आधी सांगायचं होतंत ना मला!"

"कधी सांगणार?" सर वरून म्हणाले. "आपला ऑफ तास कधी एकदम होता?"

बाईंनी जीभ दातात धरून एक बोट सैल केलं. मग दुसरं. दोर सरकला, कडीनं कुरकुर केली, सर एक वीत खाली आले. नजर त्यांच्यावरून न काढता बाई वीत वीत दोर सोडत राहिल्या. पाय जमिनीला लागले तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"दोन दहा!" बाई किंचाळल्या. "तिकिटं!" आणि त्या धावत सुटल्या, म्हणजे सुटायला गेल्या. मामांची गाठ होती तिथेच होती. मामा फाटकाला कुलूप लावून घरी गेले होते. सरांचा पट्टा एका चापानं सुटत होता आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तो सोडला नाही. दोर जाईल तेवढं लांब जाऊन त्यांनी बाकावरची पर्स पायाच्या अंगठ्यानं ओढून आणली, फोन काढला, बाईंच्या कानाला लावला, आणि दुसऱ्या हातानं रुमालानं त्यांचं नाक पुसलं.

"चार तिकिटं," बाई फोनमध्ये म्हणाल्या. "एकच गाडी, एकच डबा. हो, चौघंही. नणंदेचं तोंड कुठल्याही दिशेला असू दे, मळमळलं तर तिचीच औषधं तिला देऊ. मामांसाठी कानात घालायला कापूस आणू. आणि दोन जागा शेजारी."

पलीकडचा कारकून बराच वेळ काहीतरी खडखडवत राहिला. "बाई, चार आहेत त्या गाडीत, पण विखुरलेल्या. शेजारी शेजारी एकही जोडी नाही. चौघांची सोय होतेय ना? चालेल?"

एक गाडी, चार जागा, कुणी कुणाच्या वाटेत नाही. सर कानाजवळ श्वास रोखून उभे होते.

"नाही चालणार," बाई म्हणाल्या, आणि त्याला दुसऱ्या दिवशीची गाडी बघायला सांगितली.